शेतातली पाणथळ तशीच राखली तर सरकार पैसे देतं का?

चिबड_रान_परभणी

नमस्कार मंडळी. गाव परभणी जिल्ह्यात, कालव्याच्या खालच्या अंगाला. आमच्या गटात दीडेक एकराचा खोलगट तुकडा हाय, पावसाळ्यात एकदा पाणी धरलं की संक्रांतीपर्यंत हटत नाही. कपाशी लावली की लाल पडून बसती, सोयाबीनच्या मुळ्या कुजतात, तुरीला मर लागती. आजोबा तिथं बैलांसाठी नुसतं गवत राखायचे, वडिलांनीबी कधी नांगर घातला नाही. आता वाटण्या झाल्या, तुकडा माझ्या वाट्याला आला आणि चुलत भाऊ म्हणायलेत की पोकलेन लाव, चर काढून पाणी ओढ्याला सोड, वरून गाळ टाकून सपाट कर, दोन वर्षात बाकीच्या रानासारखं पिकंल.

मन होईना. हिवाळ्यात तिथं हळदीकुंकू बदकं उतरतात, पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या असतात, एका पायानं देठ धरायचा आणि चोचीनं सोलून आतला पांढरा गाभा खायचा, लेकरं बांधावर बसून बघत राहतात. आणि बांधाला लागून जी विहीर हाय ती मे महिन्यातबी तळ दाखवत नाही, ती या पाण्यामुळंच असं मला वाटतंय.

पुण्याचा भाचा म्हणाला की मामा, अमेरिकेत अशी जमीन न मोडता राखली तर सरकार शेतकऱ्याला पैसे देतं. हे खरं हाय का, किती देतात, कशाच्या बदल्यात देतात, आणि आपल्याकडं असं काही निघालंय का, म्हणून विचारायलो. रब्बीच्या आधी भावाला होय की नाही सांगायचंय.

अंबाजोगाईकर_आयोवा

दादा, खरं आहे. मी मूळ अंबाजोगाईचा, सध्या आयोवात आहे, आजूबाजूला सगळे मका-सोयाबीनवाले, त्यामुळे हा विषय इथं चहाच्या टेबलावरसुद्धा निघतो. जरा सविस्तर लिहितो.

इथली काळी जमीन बरीचशी मुळात पाणथळच होती. जमिनीखाली तीन-चार फुटांवर आधी भाजलेल्या मातीचे आणि आता भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे पाईप टाकून, त्याला टाइल म्हणतात, पाणी काढत काढत गेले, दोनशे वर्षांत आयोवातल्या जवळपास ९० टक्के पाणथळी संपल्या. तुमचा भाऊ जो चर म्हणतोय तोच प्रकार, फक्त सगळ्या राज्यभर. एके काळी सरकारच या निचऱ्याला मदत करायचं. मग १९८५ च्या फार्म बिलात, म्हणजे दर काही वर्षांनी होणाऱ्या शेतीच्या कायद्यात, नियम आला की पाणथळ मोडून पीक घेतलं तर सरकारी शेती योजनांचा फायदा बंद, त्याला स्वॅम्पबस्टर म्हणतात, आणि २०१४ पासून पीकविम्याच्या हप्त्यावरची सबसिडीसुद्धा त्याला जोडली. ही झाली सक्तीची बाजू.

पैशाची बाजू १९९० च्या फार्म बिलात आली, वेटलँड्स रिझर्व्ह प्रोग्रॅम. २०१४ मध्ये तो ॲग्रिकल्चरल कॉन्झर्व्हेशन इझमेंट प्रोग्रॅम नावाच्या मोठ्या योजनेत मिसळला. चालवतं कृषी खात्याचं एनआरसीएस, म्हणजे माती-पाणी जपायचं काम बघणारा विभाग. यात सरकार जमीन विकत घेत नाही, त्या जमिनीवर पीक घ्यायचा आणि बांधकाम करायचा तुमचा हक्क तेवढा विकत घेतं. कायमचा करार केला तर त्या हक्काची पूर्ण किंमत आणि पाणथळ परत उभी करायच्या खर्चाचे ७५ ते १०० टक्के. ३० वर्षांचा केला तर दोन्ही ५० ते ७५ टक्के. किंमत ठरवताना बाजारभावाचं मूल्यांकन, त्या भागासाठी ठरवलेली वरची मर्यादा आणि शेतकऱ्यानं स्वतः मागितलेली रक्कम, या तिन्हीत जी कमी ती धरतात.

सातबारा (म्हणजे इथला मालकी कागद) तुमच्याच नावावर राहतो, टॅक्सही तुम्हीच भरायचा, कुणाला आत येऊ द्यायचं हे तुम्ही ठरवायचं, मासेमारी शिकार चालते, गवत कापायचं किंवा जनावरं चारायची तर आधी लेखी परवानगी. नांगर, घर, शेड, नवा चर हे बंद. जमीन विकली तरी करार जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो. मी एका ठिकाणी काम चालू असताना बघितलंय, जेसीबीनं खोदून जुना टाइल पाईप शोधला, दहा-पंधरा फुटांचा तुकडा तोडून काढला, तोंड बुजवलं, वर चिकणमाती दाबली आणि खालच्या बाजूला कमरेएवढा मातीचा बांध घातला. एवढंच. पुढच्या वसंतात पाणी आपोआप थांबलं आणि जमिनीत पडून असलेलं जुनं बी उगवलं.

एक गोष्ट मराठवाड्याच्या दृष्टीनं महत्त्वाची वाटते. १९९३ मध्ये मिसिसिपीला मोठा पूर आला, नदीकाठची हजारो एकर शेती वाळूखाली गेली. तेव्हा सरकारनं खास आपत्कालीन योजना काढून ज्यांची जमीन परत पिकाखाली आणणं परवडणार नव्हतं त्यांच्याकडून हेच हक्क विकत घेतले. म्हणजे दर पुराला भरपाई देत बसण्यापेक्षा एकदाच पैसे देऊन ती जागा नदीला पसरायला मोकळी सोडली. सगळं मिळून जुन्या योजनेत पंचवीस लाख एकरांहून जास्त जमीन आली.

याशिवाय वर्षाला भाडं देणारी वेगळी योजना आहे, कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, १९८५ ची. १० ते १५ वर्षांचा करार, दरवर्षी एकरी भाडं, मुदत संपली की परत पीक घ्यायला मोकळे. माझं मत विचाराल तर आपल्याकडं कायमचा करार कुणी आणला तर मी घरच्यांना सही करू देणार नाही. एकरकमी पैसे एका लग्नात संपतात आणि बंधन नातवापर्यंत राहतं. वर्षाचं भाडं असेल तर मात्र आनंदानं.

कोरडवाहू_हिंगोली

वाचून बरं वाटलं पण मला राग पण येतो हे सगळं वाचून, म्हणजे तुमच्यावर नाही भाऊ. तिकडं शेतकऱ्याकडं शेकडो एकर असतात, त्यातले वीस एकर बाजूला ठेवले तर घर चालतंच. आमच्याकडं भावाभावात वाटून माझ्या वाट्याला तीन एकर. त्यातलं एक एकर बदकांसाठी ठेवलं तर लेकराच्या फीचं काय? केंद्राचे ६ हजार आणि राज्याचे ६ हजार, वर्षाला १२ हजार सन्मान निधी येतो, तो बियाणं आणि खतालाच पुरत नाही. पक्षी मलाबी आवडतात, पाणी मुरलं पाहिजे हेबी कळतं, पण गावाच्या विहिरींना पाणी माझ्या रानातून मुरणार आणि तोटा एकट्यानं सोसायचा, हे कुठलं गणित? दादानं भावाचं ऐकलं तर मी त्यांना दोष देणार नाही.

सातबारा_लातूर

कोरडवाहू भाऊ, तुम्ही जे म्हणालात तेच या योजनांच्या मुळाशी आहे, की फायदा गावाचा असेल तर खर्चही गावानं म्हणजे सरकारनं उचलावा. आता आपल्याकडची स्थिती. महसूल खात्यात नोकरी केली आहे म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

महाराष्ट्रात खाजगी शेतातली पाणथळ राखण्याबद्दल मालकाला वर्षाला पैसे देणारी योजना माझ्या पाहण्यात नाही. कायदा म्हणाल तर केंद्राचे पाणथळ जागा नियम २०१७ चे आहेत, आधी २०१० चे होते. त्यात भर घालणं, बांधकाम वगैरेवर बंदी येते, पण अधिसूचित झालेल्या जागांवर. भातखाचरं आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं बांधलेले तलाव त्यातून वगळलेत. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये उपग्रहाच्या नोंदीतल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण द्यायला सांगितलं, पण ती यादी सव्वादोन हेक्टरच्या वरच्या जागांची. दादांचा तुकडा दीड एकर, म्हणजे हेक्टरला पण पुरत नाही. त्यामुळे त्याच्यावर बंदी पण नाही आणि त्याच्यासाठी पैसा पण नाही, पोकलेन आणलं तर कुणी विचारायला येणार नाही. मराठवाड्यातल्या अशा बारक्या बारक्या जागा याच फटीतून जायलेत आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं.

पण देशात कुठंच नाही असं नाही. केरळनं २००८ मध्ये भातशेती आणि पाणथळ संरक्षणाचा कायदा केला आणि २०२० पासून भातखाचर न बुजवता राखणाऱ्या मालकाला रॉयल्टी सुरू केली, आधी हेक्टरी २ हजार रुपये वर्षाला, नंतर ३ हजार. रक्कम किरकोळ आहे हे कबूल, त्यात काही भागत नाही. पण सरकारनं हे मान्य केलं की जमीन तशी राखणं ही सेवा आहे आणि तिचा मोबदला द्यायचा असतो.

आता आपल्याच राज्याचं बघा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सबस्टेशनजवळची जमीन भाड्यानं घेतात, हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये वर्षाला आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार. शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नावावर ठेवून सरकारी यंत्रणेनं वर्षानुवर्षं भाडं देणं, हे आपल्याकडं होऊ शकतं आणि होतंय. सौर पॅनेलला देता येतं तर पाणी मुरवणाऱ्या जमिनीला थोडं कमी का होईना पण का देता येऊ नये? २०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्याच नद्या पात्र सोडून रानात आल्या, माती खरडून गेली, आणि नंतर खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख जाहीर करावे लागले. पैसा जातोच आहे, नुकसान झाल्यावर जातोय.

गोदाकाठची_ताई

मी पैठणच्या बाजूची, आमची जमीन धरणात गेली आणि आता गाळपेर करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाथसागराचं पाणी हिवाळ्या-उन्हाळ्यात जसजसं मागं सरतं तसतशी उघडी पडलेली गाळाची जमीन एका हंगामापुरती पेरायला मिळते, हरभरा गहू ज्वारी काय येईल ते. तिथंच पक्षी अभयारण्य पण आहे, १९८६ पासूनचं. आम्ही पेरायला उतरतो तेव्हाच रोहित पक्षी आणि बाहेरदेशची बदकं त्याच चिखलात चरायला उतरलेली असतात. फवारणी केली की औषध थेट पाण्यात, हे आम्हाला दिसतं, पण पोटासाठी करावं लागतं.

माझा प्रश्न आयोवावाल्या दादांना. पैसा मालकाला मिळणार हे कळलं. पण कसणारा वेगळा असला तर? आमच्याकडं मालक संभाजीनगरला नोकरीला, रान बटईनं किंवा ठोक्यानं दुसऱ्याकडं. उद्या सरकारनं पाणथळीचं भाडं सुरू केलं तर मालक म्हणंल रान पडीक ठेवतो, भाडं माझ्या खात्यात, आणि बटईवाला आणि त्याच्या घरच्या बाया मजुरीला दुसऱ्या गावाला. गाळपेरवाल्यांचं तर नावच कुठं नाही, जमीन सरकारची. योजना आणायचीच असंल तर जो कसतो त्याचा हिस्सा आधी लिहा आणि मग पक्ष्यांचं बोला. पक्षी मला नको आहेत असं नाही, मला ते हवेत, पण आमच्या जिवावर नको.

अंबाजोगाईकर_आयोवा

ताई, अगदी मुद्द्याचं विचारलंत. भाड्याच्या योजनेत, म्हणजे १९८५ वाल्या, कुळाचं आणि बटईवाल्याचं हित जपायचं आणि भाड्याचा वाटा त्यांना न्यायानं द्यायचा असं कायद्यातच लिहिलंय. हक्क विकण्याच्या योजनेत मात्र सगळा व्यवहार मालकाशी, आणि तोही ज्याच्या नावावर जमीन किमान दोन वर्षं आहे अशाच मालकाशी, म्हणजे कुणी पैशासाठी ऐनवेळी जमीन घेऊन नाव लावू नये. आपल्याकडं बटईचा कागदच नसतो, तोंडी बोली असते, त्यामुळे तुमची भीती खरी आहे.

आणखी एक आठवलं, हे सरकारी नाही. कॅलिफोर्नियात २०१४ पासून एक संस्था भातवाल्या शेतकऱ्यांना फक्त काही आठवडे रानात पाणी उभं ठेवायचे पैसे देते, स्थलांतरी पक्षी यायच्या दिवसात. शेतकरी आपापला भाव लिहून देतात, परवडेल तो घेतात. पीक पण होतं आणि पक्ष्यांना पण जागा मिळते. गाळपेरीत असं काही बसेल, म्हणजे शेवटची पट्टी महिनाभर उशिरा पेरायची किंवा पाण्याच्या कडेला फवारायचं नाही आणि त्याचे पैसे कसणाऱ्याच्या हातात.

माती_पाणी_निचरा

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलोय, निचऱ्यावरच काम करतो. सगळे योजनेवर बोलतायत, मी दादांच्या तुकड्यावर बोलतो, कारण एक गोष्ट आधी कळली पाहिजे. ते पाणी पावसाचं आहे की कालव्याच्या पाझराचं? दोन्ही चिबडच, म्हणजे पाणी साचून बिघडलेलं रानच, दिसतं पण औषध वेगळं.

सोपी परीक्षा आहे. दोन मीटरचा पीव्हीसी पाईप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, त्यावर कापड गुंडाळा आणि तुकड्याच्या कडेला गाडून वर टोपण लावा. आठवड्यातून एकदा काठी घालून आत पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. कालव्याला आवर्तन सुटलं आणि पाऊस नसताना पाईपातलं पाणी वर आलं, तर पाझर आहे. आवर्तनाचा काही फरक पडला नाही आणि पाणी हळूहळू उतरतच गेलं, तर ती खरी नैसर्गिक खोलगट जागा. सोबत मातीचा नमुना द्या. सामू साडेआठच्या वर आणि मातीत सोडियम जास्त आला तर जमीन चोपण व्हायच्या मार्गावर आहे, क्षारता (अहवालात ईसी, डेसीसायमन प्रति मीटर) चारच्या वर असेल तर खारवट. पाझराची चोपण जमीन पाणथळ म्हणून तशीच सोडून दिली तर ती शेजारच्या चांगल्या रानाला पण धरत जाते, तिथं निचराच करावा लागतो. कडेला पांढरी खपली धरते का ते बघा, धरत असेल तर वाट बघू नका.

आणि पावसाचं असेल तर पोकलेन अजिबात लावू नका. आपली काळी जमीन फुगते आणि आकसते, चराच्या भिंती दोन पावसाळ्यात ढासळतात, दर वर्षी परत खर्च. मधला सगळ्यात खोल भाग तसाच राहू द्या, त्याच्या भोवती जिथं पाणी दिवाळीपर्यंत ओसरतं तिथं धैंचा टाका, तो उभ्या पाण्यात तग धरतो आणि गाडला तर खत होतं, त्याच्या बाहेरच्या कडेला ओल धरून हरभरा. मधल्या पाण्यात दोन फूट खोली टिकत असेल तर शिंगाडा पण घेता येतो, भोई समाजातल्या कुणाला तरी विचारा, त्यांना त्यातलं जास्त कळतं. पॅरा गवत लावू नका, एकदा लागलं की सगळं झाकून टाकतं. बेशरम उगवली असेल तर आत्ताच उपटा. आणि फवारणीचा पंप तिथं धुऊ नका.

विहिरीचं तुमचं निरीक्षण मला बरोबर वाटतं, पण तेही वहीत लिहा. कुठल्याही योजनेसमोर उद्या उभं राहायचं तर नोंद लागते.

चिबड_रान_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहिलं नसतं. पाईप कालच आणला. भावाला सांगितलं की या रब्बीला पोकलेन नाही, आधी आवर्तनात काय होतंय ते बघू. तो म्हणाला, पुढच्या साली मग तक्रार करू नको. ठीक हाय. पांढरी खपली एका कोपऱ्याला दिसती, वरच्या अंगाला, त्यामुळं तिथली माती वेगळी काढून देणार.

कोरडवाहू भाऊ, तुमचं म्हणणं मनाला लागलं, माझीबी परिस्थिती काय फार वेगळी नाही, फक्त हा तुकडा आमच्या घरात कधी पिकाचा धरलाच नव्हता म्हणून मला जमायलंय. ताई, तुम्ही कसणाऱ्याचं बोललात ते पहिल्यांदा असं वाचलं.

लातूरकर काका, दोन गोष्टी विचारायच्यात. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असती म्हणं, तिच्या नोंदवहीत या तुकड्याची नोंद करता येईल का? आणि हा दीड एकर पेरला नाही तर सातबाऱ्यावर काय लावायचं? मागं आमच्या तिकडं एकाचं न पेरलेलं रान कुणीतरी सोयाबीन म्हणून टाकलं, मग विम्याच्या वेळेला नुसता घोळ.

सातबारा_लातूर

नोंद करता येते आणि कराच. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. बऱ्याच गावात ती वही एकदा लिहून कपाटात गेलेली असते. ग्रामसभेच्या आधी लेखी अर्ज द्या, गट नंबर, क्षेत्र, पाणी किती महिने राहतं, कुठले पक्षी, विहिरीची पातळी एवढं लिहा आणि पोच घ्या. याच्यानं पैसे मिळत नाहीत, जमिनीवर काही बोजा पण चढत नाही, पण कधी काही निघालं तर तुमच्याकडं तारखेचा कागद असेल.

सातबाऱ्याचं म्हणाल तर ई-पीक पाहणी स्वतः मोबाईलवरून करा, दुसऱ्यावर सोडू नका. त्या ॲपमध्ये चालू पड आणि कायम पड नोंदवायची सोय आहे, त्या तुकड्यापुरती ती भरा आणि फोटो तिथं उभं राहूनच काढा. बाकीच्या क्षेत्राला पीक वेगळं टाका, म्हणजे विमा तेवढ्याच क्षेत्राचा भरला जाईल. पोटखराबा लावून घ्यायची घाई करू नका. एकदा क्षेत्र लागवडीतून कमी झालं की बँक कर्जाला ते धरत नाही, आणि उद्या आयोवावाले म्हणाले तसं वर्षाचं भाडं कधी सुरू झालंच तर ते लागवडीलायक जमीन राखल्याबद्दल मागायचं असेल. पीक पाहणीची मुदत संपली की ॲपवर नोंद करता येत नाही, त्याच्या आत करा.